उपवासकाळात काय सोडायचं आणि सुटलेल्या वेळात जुनी मोतेतं कशी शिकायची

सावंतवाडी-वेंगुर्ल्याकडून नाहीतर वसईकडून येऊन मडगाव, म्हापसा, वास्कोत स्थायिक झालेली जी आपली मराठी बोलणारी कॅथलिक घरं आहेत ना, त्यांच्यासाठी हे लिहितेय. आपली पोरं इथेच दोतोर्नला, म्हणजे चर्चच्या धर्मशिक्षणाच्या वर्गाला, जातात, इथल्याच चर्चमध्ये वाढतात, पण ईस्टरआधीच्या उपवासकाळात संध्याकाळी मोतेत, म्हणजे येशूच्या दुःखावरचं जुनं गाणं, सुरू झालं की आपण नुसते बघे. दरवर्षी राखेचा बुधवार, म्हणजे उपवासकाळाचा पहिला दिवस, जवळ आला की घरात दोन विषय निघतात, यंदा काय सोडायचं, आणि हे जुनं सगळं आपल्या पोरांच्या पोरांना बघायला मिळणार का. माझं म्हणणं असं की हे दोन्ही विषय एकत्रच धरा. जे सोडाल त्यातून वेळ आणि पैसा सुटला पाहिजे, आणि गरिबाचा वाटा आधी बाजूला काढून उरलेलं या जुन्या उपासनेला लावायचं. नाहीतर तो उपास डाएट होतो.

आधी नियम, कारण त्यातच घोळ असतो. राखेचा बुधवार आणि गुड फ्रायडे हे दोनच दिवस सक्तीच्या उपासाचे, १८ पूर्ण झालेल्यांपासून ५९ वर्षांपर्यंत, एक पोटभर जेवण आणि दोन वेळा थोडंसं, ते दोन्ही मिळून एका जेवणाएवढं व्हायला नको. मांस वर्ज्य करण्याचा नियम १४ वर्षांपासून पुढे सगळ्यांना. आजारी, गरोदर, अंगावर पाजणाऱ्या बायका, शुगरवाले यांनी उगाच हट्ट करू नये, फादरांना विचारा, ते दुसरं काहीतरी सांगतील. बुधवारपासून पवित्र शनिवारपर्यंत मोजलं तर दिवस भरतात ४६, त्यातले ६ रविवार वजा केले की ४०, म्हणून रविवारी ढिलाई चालते असं काही जण म्हणतात, ते तुमचं तुम्ही ठरवा. १९६६ मध्ये पोप पॉल सहावे यांनी हे नियम बरेच सैल केले, त्याच्या आधीची माणसं जवळजवळ पूर्ण काळ उपास धरायची, आणि तेव्हाही शेतावर जायचीच.

आता गोव्यात खरी गंमत पुढे आहे. मांस सोडलं म्हणून शुक्रवारी इसवणाचे (सुरमईचे) तुकडे तळायचे, सोबत सुंगटांची (कोळंबीची) कढी, याला आपल्याकडे म्हण आहेच, एकादशी अन् दुप्पट खाशी. नियमात बसतं हो, मासे चालतात, पण ज्या घरात रोज मासे शिजतात तिथे मटण सोडून काय सोडलं? म्हणून माझा सल्ला, गोव्यात राहत असाल तर मासळी सोडा, निदान बुधवार-शुक्रवार, आणि ते दिवस पेज, लोणचं, अळसांद्याचं तोंडाक (चवळीची आमटी) यावर काढा. मडगावच्या मार्केटात इसवण कितीला जातेय बघा आणि तेवढे पैसे एका डब्यात टाका. दुसरी गोष्ट उर्राक, काजूची पहिल्या धारेची दारू. काजूचा सीझन आणि उपवासकाळ नेमका एकत्र येतो, फेब्रुवारी-मार्चमध्ये भट्ट्या लागतात, उर्राक वर्षभर मिळत नाही, त्यामुळे लिम्का आणि चिरलेली मिरची घालून संध्याकाळी बसणाऱ्या माणसाने ती ईस्टरपर्यंत सोडली तर तो त्याग मी मानते, चॉकलेट सोडलं म्हणणाऱ्यांपेक्षा कितीतरी पट जास्त. आणि त्याची संध्याकाळ पण मोकळी होते, जी आपल्याला हवी आहे.

पोरांचं सोपं आहे. मोबाईल एक तास कमी. पण तो तास भरायला काही दिलं नाहीत तर पोरगं भिंतीकडे बघत बसेल आणि पुढच्या वर्षी उपवासकाळाचं नाव काढलं की पळेल.

मग त्या मोकळ्या संध्याकाळी करायचं काय, तर मोतेत शिकायचं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, मोतेत म्हणजे उपवासकाळात येशूच्या दुःखसहनावर गायची छोटी गाणी, बहुतेक लॅटिनमध्ये, काही कोंकणीत, दोन किंवा तीन आवाजांची, संथ, सोबत व्हायोलिन, क्लॅरिनेट आणि मोठा बास. सासष्टीतल्या गावांत हे अजून जिवंत आहे, लोटली, राय, कुडतरीकडे जाऊन ऐका. सांतोस पासोसला, म्हणजे क्रूस घेतलेल्या येशूच्या मूर्तीसमोर प्रवचन होतं तेव्हा, ही गातात. ही रचलीसुद्धा इथल्याच लोकांनी, चर्चच्या शाळेत सोल्फा (सा-रे-ग-मसारखं स्वरवाचन) आणि व्हायोलिन शिकलेल्या मेस्तांनी, म्हणजे संगीत मास्तरांनी, आणि पाद्रींनी. त्या शाळा गेल्या, आता जे गातात त्यातले बरेच जण साठीच्या पुढचे, आणि तरुण पोरं गावात असतात तेव्हा असतात, नाहीतर बोटीवर नोकरीला नाहीतर यूकेत.

शिकायची पद्धत सांगते. कॉयरमधल्या मोठ्या माणसाकडे उपवासकाळ लागायच्या आधीच जा, कार्निव्हल चालू असतानाच, कारण नंतर त्यांना वेळ नसतो. सगळी मोतेतं शिकवा म्हणू नका, एकच मागा. पहिल्या आठवड्यात फक्त शब्द, अर्थासकट. उदाहरण द्यायचं तर ओ व्होस ओम्नेस, हे विलापगीताच्या पहिल्या अध्यायातलं १२ वं वचन आहे, वाटेने जाणाऱ्यांनो थांबा, माझ्यासारखं दुःख कुणाचं आहे का बघा, असा भाव, येशूचं तोंड पुसणारी व्हेरोनिका रुमाल उलगडते तेव्हा हेच गातात, तर मराठी बायबलमध्ये ते वचन काढून पोरांना आधी वाचून दाखवा मग लॅटिन घ्या. दुसऱ्या आठवड्यात वरचा आवाज, तो ऐकून येतो. खालचा आवाज मात्र बसायला वेळ लागतो, बहुतेक ठिकाणी तो वरच्याच्या खाली तिसऱ्या स्वरावर चालतो पण मध्येच वाट बदलतो, तिथे घाई करू नका, आणि लक्षात ठेवा की वरचा आवाज गाणारे दहा मिळतात, खालचा एखादाच, म्हणून घरातल्या एकाने तरी खालचाच शिकायचा. पोराला वाद्य शिकवायचं असेल तर पणजीच्या कला अकादमीत पाश्चात्त्य संगीत शिकवतात, गावात शिकवणारे सरही असतात, आणि फीचे पैसे कुठून म्हणाल तर तो इसवणाचा डबा आहेच.

आता रेकॉर्डिंग. प्रोसेशनमध्ये हात वर करून रील काढणं हे जतन नाही, त्यात फटाके, स्कूटर आणि शेजारणीचा खोकला सोडून काही ऐकू येत नाही. गाणाऱ्यांच्या घरी जा, पंखा बंद, फोन फ्लाइट मोडवर, तोंडापासून हातभर अंतरावर. आधी प्रत्येक आवाज वेगळा रेकॉर्ड करा, मग सगळे एकत्र, शेवटी त्यांनाच शब्द हळूहळू नुसते बोलायला सांगा, आणि गावाचं नाव, तारीख, हे कुणाकडून शिकले हे त्यांच्याच तोंडून घ्या, कारण एकच शब्द पण लोटलीची चाल वेगळी आणि पुढच्या गावची वेगळी. चर्चमधल्या घुमणाऱ्या आवाजात खालचा सूर हरवतो म्हणून घरच बरं. आणि परवानगी विचारूनच करा हां, यूट्यूबवर टाकणार असाल तर तेही आधीच सांगा.

त्यांच्या कपाटात हाताने लिहिलेली नोटेशनची वही असेल, ती मागून आणू नका, तिथेच फोटो काढा. खिडकीजवळ, दिवसाच्या उजेडात, फ्लॅश नाही, कव्हरपासून शेवटच्या कोऱ्या पानापर्यंत क्रमाने. फाटलेल्या पानाला सेलोटेप लावायचा नाही, त्याचा चीक पिवळा पडतो आणि कागद खातो, आणि लॅमिनेशन तर अजिबात नाही. गोव्याच्या पावसात कसर, वाळवी आणि बुरशी तिघं मिळून येतात, म्हणून वही जमिनीपासून वर आणि भिंतीला न चिकटवता ठेवायला सांगा.

घरच्या ओराटोरीतल्या, म्हणजे देव्हाऱ्यातल्या, जुन्या लाकडी मूर्तींचंही तेच. ईस्टर आला म्हणून ऑइल पेंट मारून चकाचक करणारे लोक बघितले की माझं डोकं फिरतं. मऊ ब्रशने धूळ झाडायची, ओलं फडकं लावायचं नाही, किडे लागलेले दिसले तर जुन्या गोव्यात सांता मोनिका कॉन्व्हेंटमध्ये म्युझियम ऑफ ख्रिश्चन आर्ट आहे, तिथे जाऊन काय करावं ते विचारा.

आपण मराठी बोलणाऱ्यांनी एक गोष्ट जास्तीची करावी. १६१६ मध्ये राचोलला फादर थॉमस स्टीफन्स यांचं ख्रिस्तपुराण छापलं गेलं, मराठीत, ओव्यांमध्ये, इथल्याच नव्या ख्रिस्ती लोकांसाठी. त्याच्या दुसऱ्या पुराणात, म्हणजे दुसऱ्या भागात, येशूच्या मरणाचं वर्णन आहे. १९५६ ची देवनागरी आवृत्ती आहे, लायब्ररीत विचारून बघा, आणि उपवासकाळातल्या शुक्रवारी रोझरीनंतर थोड्या ओव्या मोठ्याने म्हणा. भाषा जुनी आहे, पोरं हसतील, हसू द्या, ज्ञानेश्वरी ऐकतानाही हसतात.

लॅटिन मिस्साबद्दल (मिस्सा म्हणजे चर्चमधली मुख्य उपासना) मेसेज फिरत असतात म्हणून सांगते. १९६२ च्या पुस्तकाप्रमाणे जुनी मिस्सा करायची तर २०२१ पासून बिशपांची परवानगी लागते, ती आपल्या हातात नाही, त्यावर भांडून चर्चमध्ये दोन गट पाडू नका. पण आताच्या मिस्सात कीरिये, सांक्तुस, आग्नुस देई हे ठरलेले भाग जुन्या चालीत गायला कुणाची बंदी नाही, व्हॅटिकन परिषदेने १९६३ मध्येच ग्रेगोरियन, म्हणजे चर्चच्या जुन्या लॅटिन, गायनाला मानाचं स्थान द्या म्हटलंय. फादरांकडे तक्रार घेऊन जाऊ नका, चार तयार गाणारे घेऊन जा, मग बघा. पूर्वीसारखं काही राहिलं नाही म्हणणारे भरपूर असतात, प्रॅक्टिसला बोलावलं की त्यांनाच नेमकं काम निघतं.

पोरांना हाताला काहीतरी हवं असतं. पवित्र गुरुवारी मिस्सातल्या ग्लोरिया या स्तोत्रानंतर घंटा गप्प होतात त्या थेट ईस्टरच्या रात्रीच्या ग्लोरियापर्यंत, तेवढ्या वेळात मात्राक, म्हणजे लाकडी खडखडं, वाजवतात, सुताराकडून एक छोटी करून घ्या, खर्च फार नाही, आणि घरच्या प्रार्थनेची वेळ झाली की पोरानेच ती वाजवायची, जेवणाच्या टेबलावर नाही एवढं सांगून ठेवा. पाचव्या रविवारनंतरच्या सोमवारी गोवा व्हेल्हाच्या सेंट अँड्र्यू चर्चमधून संतांच्या मूर्तींची मोठी प्रोसेशन निघते, फ्रान्सिस्कन संन्याशांनी सुरू केलेली, १८३५ च्या सुमाराला पोर्तुगीज सरकारने मठ बंद केले, तरी ती आजही निघते. लवकर जा, गर्दी होते. रस्त्यावर चणे, लाडू, हातपंखे विकायला असतात, लाडू खायचे की उपास पाळायचा यावर आमच्या घरात दरवेळी वाद होतो आणि लाडू जिंकतात.

ईस्टर झाला की लोक सगळं विसरतात, उर्राकच्या मागे लागतात, म्हणून पुढचं काम आधीच ठरवून ठेवा. रेकॉर्डिंग आणि फोटो एका पेनड्राइव्हवर फादरांकडे, एक प्रत ज्यांच्या घरी रेकॉर्ड केलं त्यांच्याकडे, एक आपल्याकडे, फाइलच्या नावातच गाव आणि मोतेताचे पहिले दोन शब्द. डब्यात उरलेले पैसे मोजून कॉयरला व्हायोलिनच्या तारा घेऊन द्या, आणि हे सगळं मे संपायच्या आत उरका, जूनमध्ये पाऊस लागला की ती वही पुन्हा उघडायला कुणी देत नाही.