डॉक्टर, नाशिकला पीजीला येताय? सीट घेण्याआधी एवढं वाचा

मी मूळचा नांदेडकडचा. एमबीबीएसनंतर पीजीसाठी, म्हणजे स्पेशलायझेशनसाठी, नाशिकला आलो आणि इथलाच झालो. पीजीच्या प्रवेश परीक्षेचा, नीट-पीजीचा, निकाल लागला की गावाकडच्या पोरांचे फोन सुरू होतात. "सर, मेडिकल कॉलेजही मिळतंय आणि शहरातल्या हॉस्पिटलात दोन सीटांचं डीएनबीही. काय घेऊ?"

डीएनबी म्हणजे एमडी-एमएसच्या बरोबरीची, हॉस्पिटलात राहून करायची पदवी. मी आधी ब्रांच विचारतो. मेडिसिन किंवा पेडियाट्रिक्स असेल तर गर्दीची जागा घ्या. सुरगाणा-पेठकडचा सर्पदंश, द्राक्षबागेत फवारणी करताना झालेली विषबाधा, असे पेशंट बहुतेक सिव्हिलला नाहीतर कॉलेजच्या हॉस्पिटलला पोचतात. ते पुस्तकात वाचून येत नाही.

सर्जरी, ऑर्थो, गायनॅकचं गणित वेगळं. कॉलेजच्या मोठ्या युनिटमध्ये पहिलं वर्ष रिपोर्ट गोळा करण्यात आणि ड्रेसिंगमध्ये जातं, कटिंग, म्हणजे स्वतः ऑपरेशन करायला, मिळतं ते सीनियरचं पोट भरल्यावर. लहान ठिकाणी सरांसमोर ऑपरेशन टेबलाच्या पलीकडे पहिल्या महिन्यापासून तुम्हीच. पण टेबलापाशी उभं राहणं म्हणजे केस मिळणं नव्हे. पैसे भरून आलेला पेशंट "मोठ्या डॉक्टरांनीच करा" म्हणतो, आणि त्याचं चूकही नाही. म्हणून तिथे जनरल वॉर्ड केवढा आहे, सरकारी जनआरोग्य योजनेतून मोफत उपचार घेणारे पेशंट किती येतात, हे विचारा. रेसिडेंटचा, म्हणजे शिकणाऱ्या डॉक्टरचा, हात तिथेच बसतो.

लहान प्रोग्रॅमची खरी अडचण वेगळीच आहे. दोघांपैकी एक आजारी पडला किंवा सीट सोडून गेला, की रोजची नाइट तुमची. खालची बॅच भरलीच नाही तर तीनही वर्षं जेआर-वनचीच (पहिल्या वर्षाच्या रेसिडेंटची) कामं करत बसाल. आणि अख्खा विभाग एकाच सरांवर चालत असेल तर मी ती सीट घेऊ नका म्हणेन. सर उद्या दुसरीकडे गेले, तर शिकवणार कोण? थिसिस दोन्हीकडे आहेच. लहान ठिकाणी विषय रोज दिसणाऱ्या आजाराचा घ्या, नाहीतर सॅम्पल, म्हणजे अभ्यासाला लागणाऱ्या पेशंटची संख्या, पुरा होत नाही.

विभागप्रमुखांना भेटून यातलं काही कळणार नाही. रात्री जेवणाच्या वेळी जा, सेकंड इयरवाल्याला गाठा आणि लॉगबुक, म्हणजे केलेल्या केसेसची नोंदवही, दाखवायला सांगा. त्यात नुसतं असिस्ट केलेलं किती आणि सरांच्या देखरेखीखाली स्वतः केलेलं किती, ते मोजा. आधीच्या बॅचचे किती जण पहिल्या फेरीत थिअरी पास झाले, तेही विचारा. लपवाछपवी दिसली तर उत्तर मिळालं म्हणायचं.

(आरोग्य विद्यापीठ म्हसरूळला आहे म्हणून नाशिकच्या कॉलेजांचं काही खास चालतं, असं बरेच जण समजतात. तसं काही नाही.)

राहण्याचं म्हणाल तर आडगावच्या मेडिकल कॉलेजला सीट असेल तर कॉलेज रोडच्या खोलीच्या मोहात पडू नका. पंचवटी-अमृतधामकडे बघा, इमर्जन्सीला रात्री पटकन पोचता येतं. घोटी-धामणगावकडच्या कॉलेजला सीट असेल तर सरळ हॉस्टेल घ्या, इगतपुरीचा पाऊस रोज ये-जा करू देत नाही. सटाणा-मालेगावकडचे पेशंट अहिराणी बोलतात, आपल्या मराठवाड्याच्या कानाला सुरुवातीला हिस्ट्री (आजाराची माहिती) घेताना निम्मं कळत नाही. वॉर्डातल्या मावशींना शेजारी उभं करा. त्या भाषाही सांगतात आणि कुठल्या सरांचा राउंड कधी येतो तेही.