टाकीचा शेल गोल आणि ओळंब्यात कसा ठेवायचा

पोलादी साठवण टाकीच्या कामात सगळ्यांचं लक्ष रेडिओग्राफीकडे (वेल्डचा एक्स-रे) असतं आणि मापं आठवतात ती हायड्रो टेस्टच्या (पाणी भरून चाचणीच्या) तोंडावर, तोपर्यंत शेल (टाकीची उभी गोल भिंत) उभा झालेला असतो आणि दुरुस्ती म्हणजे कापाकापी. म्हणून मापं पहिल्या कोर्सपासूनच (कोर्स म्हणजे शेलच्या प्लेटांचा एक आडवा थर) घेत चला. खाली ३० मीटर व्यासाची, १२ मीटर उंच टाकी धरून एपीआय ६५० चे (वेल्ड केलेल्या साठवण टाक्यांचा अमेरिकन कोड) आकडे देतोय, उरण किंवा माहुलकडच्या टर्मिनलवर काम करणाऱ्यांना हा साइज ओळखीचा असेल.

सुरुवात रिंगवॉलपासून, म्हणजे शेलखालच्या काँक्रीटच्या गोल पायापासून. वरची लेव्हल कुठल्याही ९ मीटरमध्ये ±३ मिमी आणि पूर्ण घेरात सरासरीपासून ±६ मिमीच्या आत हवी. आपल्या टाकीचा घेर साधारण ९४ मीटर, तर ऑटो लेव्हल (पातळी मोजायची दुर्बीण) लावून दर ३ मीटरला रीडिंग घ्या आणि सिव्हिलवाल्यांकडून लेव्हल लेखी ताब्यात घ्या, अ‍ॅन्युलर प्लेट (तळाच्या कडेची, शेलखाली येणारी प्लेट) अंथरायच्या आधी. उंचवटा असेल तर घासून घ्यायचा, खड्डा असेल तर ग्राउट, पण आत्ताच. इथे १० मिमी चुकलं की पहिला कोर्स लाटेसारखा बसतो आणि पुढे वरचे सगळे आडवे जॉइंट तुम्हाला छळतात.

मग गोलाई. खालच्या कॉर्नर वेल्डपासून (शेल आणि तळ जोडणारा वेल्ड) ३०० मिमी वर त्रिज्या मोजायची, १२ ते ४५ मीटरच्या आतल्या व्यासाला ±१९ मिमी चालतं (१२ च्या खाली ±१३). त्याच्या वर कुठेही मोजलं तर याच्या तिप्पट, म्हणजे आपल्याकडे ±५७. ओळंब्यातला फरक, म्हणजे शेल वर किती कलला ते, जास्तीत जास्त उंचीच्या २०० व्या भागाइतका, १२ मीटरला ६० मिमी. ६० ऐकायला भरपूर वाटतं पण ते पूर्ण उंचीचं आहे, एकट्या खालच्या कोर्सनेच २० खाल्ले तर वरच्यांना काय उरणार, म्हणून प्रत्येक कोर्स लागल्यावर ओळंबा तपासा.

फिटअपला (वेल्डिंगआधी प्लेटा जुळवताना) उभ्या जॉइंटमध्ये १६ मिमीपर्यंतच्या प्लेटला दीड मिमीपेक्षा जास्त ऑफसेट (दोन प्लेटा पुढे-मागे असणं) नको, त्याहून जाड असेल तर जाडीच्या १०% किंवा ३ मिमी, जे कमी ते.

आता पीकिंग, म्हणजे उभ्या सीमवर (वेल्डच्या जोडावर) शेल गोलाई सोडून बाहेर किंवा आत टोकदार होणं, सगळ्यात जास्त वाद इथेच होतात. उभ्या सीमवर मर्यादा १३ मिमी, ९०० मिमी लांब स्वीप बोर्डने (गोलाई तपासायचा साचा) मोजायचं, आणि हा बोर्ड टाकीच्या त्रिज्येलाच कापलेला हवा! साइटवर सर्रास सरळ पट्टी लावतात. १५ मीटर त्रिज्येवर ९०० मिमीच्या पट्टीखाली शेल अगदी परफेक्ट असला तरी जवळजवळ ७ मिमी फट दिसते, म्हणजे अर्धी मर्यादा पट्टीनेच खाल्ली आणि बिचाऱ्या फिटरला उगाच बोलणी. तेव्हा प्लायवुडचा बोर्ड ड्रॉइंगवरून कापून घ्या, आतून वापरायचा वेगळा आणि बाहेरून वापरायचा वेगळा. सरळ पट्टी बँडिंगसाठी, बँडिंग म्हणजे आडव्या सीमवरचा असाच दोष, तिथे पट्टी उभी धरायची, तिथेही १३ मिमीच.

पीकिंग येतं कुठून तर एक, रोलिंगमध्ये प्लेटची टोकं सपाट राहतात म्हणून, ते वेल्डिंगने कधीच जात नाही, टोकं आधीच प्रीबेंड करून (वाकवून) घ्यावी लागतात. दुसरं, एकाच बाजूने जास्त वेल्ड भरणं. बाहेरून जास्त भरलं तर सीम आत ओढली जाते. आत-बाहेर आळीपाळीने भरा, स्ट्राँगबॅक (जॉइंट जागेवर धरून ठेवणारे तात्पुरते आधार) घाईने काढू नका.

नोझलचं (शेलवरचं पाइप जोडायचं तोंड) प्रोजेक्शन, म्हणजे शेलपासून बाहेर येणारी लांबी, ±५, उंची ±६ मिमी. फ्लेंज (नोझलच्या टोकाची बोल्टची चकती) १२ इंचापर्यंत असेल तर बाहेरच्या व्यासावर ±३ मिमी तिरका चालतो, मोठा असेल तर ±०.५ अंश.

मापं सकाळी लवकर घ्या, एका बाजूला ऊन लागलं की शेल त्या बाजूला वाढतो आणि ओळंब्याचं रीडिंग फसवतं. आणि सगळी अंतिम मापं हायड्रो टेस्टच्या आधीच, कोडमध्येच तसं आहे.

तरीही एखादं माप बाहेर गेलं तर मालकाशी बोलून लेखी सूट मिळू शकते, फिक्स्ड रूफच्या टाकीला त्यात फारसं वावगं नाही. पण फ्लोटिंग रूफ (तेलावर तरंगणारं छप्पर) असेल तर माझं स्पष्ट मत, सूट मागूच नका, शेल दुरुस्त करा, कारण रूफ वर-खाली होताना त्याच्या कडेचं सील शेलच्या फुगवट्यावर रोज घासणार आणि दुसरीकडे फट पडून व्हेपर बाहेर येत राहणार.