बटाटे लावताय? मग भर द्यायची माती आजच बाजूला काढून ठेवा

पहाटे पांघरूण ओढून घ्यावंसं वाटायला लागलं की बटाटा लावायला घ्यायचा, म्हणजे आपल्याकडे साधारण ऑक्टोबरचा शेवट ते नोव्हेंबर. पुणे जिल्ह्यातल्या सातगाव पठारावर पावसाळी बटाटा घेतात ते खरं, पण तिथली हवा आणि तिथला निचरा आपल्या गच्चीवर नाही, त्यामुळे घरी रब्बीच बरी. रात्री गार असतील तरच खाली बटाटा धरतो, गरम रात्रीत नुसता पाला माजतो. डिसेंबर संपता संपता लावायला बसलात तर पोसायच्या वेळेलाच फेब्रुवारी-मार्चचं ऊन गाठेल, मग गोट्याच मिळतील.

आता सगळ्यात पहिली वस्तू, बेण्याच्याही आधी: भर द्यायची माती, म्हणजे झाड वाढेल तशी खोडाभोवती वरून घालायची माती. कुंडी किंवा ग्रो बॅग जेवढ्या मातीने भरणार तेवढीच, किंवा थोडी जास्तच, वेगळ्या गोणीत भरून कोरडी ठेवा आणि गोणीवर मार्करने ‘बटाटा’ लिहा, नाहीतर घरातलं कोणीतरी ती कढीपत्त्याला घालून मोकळं होतं. गेल्या वर्षी माझी हीच एक गोष्ट राहिली. झाडं मस्त वाढली, पाला हिरवागार, आणि माती बोटाने जरा उकरली तर वरच्या बटाट्यांचे खांदे हिरवे पडलेले, एक कापून बघितला तर सालीखाली आतपर्यंत हिरवट. असे बटाटे खायचे नसतात. उजेड लागला की बटाट्यात सोलॅनिन हे विषारी द्रव्य वाढतं, चव कडवट होते, पोट बिघडतं, आणि उकडून किंवा तळून ते जात नाही. डाग छोटा असेल तर जाड साल आणि तेवढा भाग कापून टाका, बराच हिरवा किंवा कडू असेल तर अख्खा फेका, लहान मुलांच्या ताटात तर नकोच.

बेणं. बाजारातला भाजीचा बटाटा लावता येतो, पण कोल्ड स्टोरेजमधल्या बटाट्यावर कधी कधी कोंब येऊ नयेत म्हणून औषध मारलेलं असतं, मग तो कोंब येण्याऐवजी नुसता सुरकुततो. बियाण्याचा मिळाला तर तोच घ्या. जातींमध्ये कुफरी पुखराज लवकर येतो, कुफरी ज्योतीला थोडे दिवस जास्त लागतात. लावायच्या दोन-तीन आठवडे आधी उजेड येईल पण ऊन लागणार नाही अशा जागी ट्रेमध्ये एक थर पसरून ठेवा, कोंब आखूड, जाड, जांभळट-हिरवे आले पाहिजेत. अंधारात आलेले पांढरे लांबलचक कोंब लावताना मोडतातच. कोंबडीच्या अंड्याएवढा बटाटा असेल तर कापू नका, मोठा असेल तर प्रत्येक फोडीला दोन-तीन डोळे आणि साधारण ४०-५० ग्रॅम वजन राहील असं कापा आणि सावलीत एक-दोन दिवस काप सुकू द्या. ओली फोड मातीत टाकलीत तर ती कुजणार, घाई करू नका.

माती भुसभुशीत हवी. दोन घमेली माती, एक घमेलं पूर्ण कुजलेलं शेणखत, एक कोकोपीट, दोन मुठी निंबोळी पेंड. ताजं शेण नको, चुना नको, राखही ढिगाने नको, त्याने सालीवर खरबरीत खपल्या येतात. टोमॅटो, वांगी, मिरची ज्या मातीत होती ती परत वापरू नका, एकाच कुळातली असल्यामुळे रोगही तेच. पिशवी साधारण १५ इंची, तिला दोन ते तीन फोडी, जास्त नाही. तळाला भोकं आहेत ना तेवढं बघा.

आणि पिशवी पूर्ण भरायची नाही! अर्धीच भरा, वरची कड बाहेरच्या बाजूने दुमडून ठेवा, फोडी चारेक इंच खोल, डोळे वरच्या बाजूला. ती दुमडलेली कड भर द्यायला ठेवलेली आहे, ती जागा आत्ताच भरून टाकलीत तर पुढे माती घालणार कुठे?

झाड वीतभर झालं की पहिली भर. कड थोडी उलगडायची, बाजूला ठेवलेली माती खोडाभोवती घालायची, वरची पानं तेवढी बाहेर ठेवायची. पंधरा-वीस दिवसांनी दुसरी. बटाटा म्हणजे मूळ नाही, जमिनीखालचं खोडच आहे, त्यामुळे उजेड मिळाला की ते हिरवं होणारच, आणि ज्या फुटव्याच्या टोकाला बटाटा धरायचा तो फुटवाच वर उजेडात आला तर त्याला पानं फुटतात, बटाटा धरतच नाही. शिवाय उघड्या बटाट्यावर पाकोळी अंडी घालते आणि अळी आत शिरते. व्हिडिओत भर देऊन मजल्यावर मजले बटाटे काढलेले दाखवतात, लवकर येणाऱ्या जातीत तसं होत नाही, बेण्याच्या आसपास आणि जरासे वर एवढेच लागतात, पण म्हणून भर टाळायची नाही, ती बटाटे झाकायला आहे. पाणी जोरात ओतल्यावर माती खचते, तेव्हा दर आठवड्याला वरून बघा आणि कुठे साल दिसली की लगेच माती घाला. माती संपलीच तर वाळका पालापाचोळा जाड थरात. पण बघा, आणि झाका.

पाणी नियमित, चिखल नको. कधी कोरडं कधी तुडुंब केलं की बटाटे तडकतात. ढगाळ हवा आणि धुकं दोन दिवस राहिलं तर पानं खालून तपासा, काळपट ओले डाग म्हणजे करपा, ती पानं लगेच काढून पिशवीत बांधून कचऱ्यात, कंपोस्टमध्ये नाही. फुलांनंतर कधी टोमॅटोसारखी हिरवी फळं धरतात, ती विषारी असतात, मुलं असतील तर तोडून टाका.

तीनेक महिन्यांनी पाला पिवळा पडून झोपला की पाणी बंद. आठ-दहा दिवसांनी काढा, अंगठ्याने घासून साल निघत असेल तर अजून थांबा. धुवू नका, सावलीत सुकवा, उन्हात अजिबात नाही, कांद्यापासून लांब ठेवा आणि वरून बारदान टाका, कारण काढल्यावरही उजेडाने हिरवे होतात. भर द्यायच्या मातीची गोणी भरली का?