चिंचोक्यांच्या ढिगांचा खेळ हमखास कसा जिंकावा

चिंचोके नसतील तर काड्या घ्या, खडे घ्या. तीन ढीग करायचे. आपल्या पाळीला कुठल्याही एकाच ढिगातून हवे तेवढे उचलायचे, निदान एक तरी. शेवटचा चिंचोका उचलेल तो जिंकला. याला ‘निम’ म्हणतात. हे नाव आणि जिंकायची पूर्ण रीत, दोन्ही हार्वर्डच्या चार्ल्स बाउटन यांनी १९०१ मध्ये दिलं. तरी लोक अजून सांगतात, ‘मोठा ढीग आधी फस्त कर’ किंवा ‘पहिला खेळतो तोच जिंकतो’. दोन्ही चूक.

दोनच ढीग उरले तर ते सारखे करा आणि पुढे समोरच्याची नक्कल करत राहा. तो एकातून तीन उचलेल, तुम्ही दुसऱ्यातून तीन. झालं.

घोडं अडतं ते तीन ढिगांत. प्रत्येक ढीग मनातल्या मनात ४, २, १ अशा गटांत फोडायचा (मोठा ढीग असेल तर ८, १६ही). एका ढिगात एक गट एकदाच. ६ म्हणजे ४ आणि २. ३ आणि ३ नव्हे. मग सगळ्या ढिगांत मिळून सारख्या गटांच्या जोड्या लावायच्या. सगळ्यांना जोडीदार मिळाला तर मांडणी सुरक्षित. तुमची खेळी संपल्यावर पटावर नेहमी अशीच मांडणी उरली पाहिजे. समोरचा काहीही उचलो, एखादी तरी जोडी मोडणारच, आणि ती तुम्हाला परत जुळवता येते.

इथवर सगळ्यांना कळतं. आता मी जिथे आपटलो ते. ढीग होते १, ४ आणि ६:

१ = १
४ = ४
६ = ४ + २

चारची जोडी जमली. २ आणि १ एकटे राहिले. मी हिशेब केला, दोन आणि एक तीन, म्हणून सहातून तीन उचलले. नऊ वर्षांच्या भाचीने चारातून दोन घेतले. उरले १, २, ३, आणि त्यात सगळे जोडीने. “मामा, खेळ ना,” ती म्हणाली. खेळणार काय, कपाळ!

एकट्या गटांची बेरीज करून तेवढे उचलायचे, हा सल्ला मलाही कुणीतरी दिला होता. कधी लागू पडतो, म्हणून तर जास्त घातक. बरोबर रीत अशी: एकट्या गटांतला सर्वांत मोठा गट ज्या ढिगात आहे, तोच ढीग धरायचा. वरच्या डावात २ हा मोठा, म्हणजे सहाचा ढीग. या ढिगात जे एकटे गट आहेत ते काढून टाकायचे आणि जे एकटे गट त्यात नाहीत ते घालायचे. २ गेला, १ आला. ४ आणि १ मिळून ५. म्हणजे सहातून फक्त एक चिंचोका उचलायचा! १, ४, ५ उरतात, सगळे जोडीने.

‘घालायचे’ ऐकून पोरं हातातला चिंचोका ढिगात परत ठेवायला जातात. तसं नाही. ढीग किती उरायला हवा एवढंच ठरवायचं आणि बाकीचे उचलायचे. गेलेला मोठा गट नव्याने येणाऱ्या सगळ्या लहान गटांच्या बेरजेहून मोठाच असतो, म्हणून ढीग नेहमी घटतोच.

तुमची पाळी आली आणि मांडणी आधीच सुरक्षित असेल तर उपाय नाही. मोठ्या ढिगातून एक उचला, डाव लांबवा, समोरच्याची चूक व्हायची वाट बघा.

काही ठिकाणी शेवटचा उचलणारा हरतो. तेव्हाही अगदी असंच खेळायचं, फक्त तुमच्या खेळीनंतर एकेकट्या चिंचोक्यांचेच ढीग उरणार असतील तेव्हा ते विषम संख्येत ठेवायचे. १, १, ५ असताना पाचही उचलायचे नाहीत; चारच उचलायचे.

आणि डाव मांडतानाच नजर ठेवा. ३, ४, ५ असतील तर पहिली पाळी मागून घ्या आणि तिनातून दोन उचला. १, ४, ५ दिसले तर चिंचोके समोर सरकवून म्हणायचं, “आधी तू.”