गजबजलेल्या विमानतळाजवळून छोट्या विमानाचं आयएफआर (उपकरणांच्या आधारे केलेलं) उड्डाण: आखणी कशी करावी

मार्ग नंतर आखा, आधी चढण तपासा. एसआयडीच्या, म्हणजे विमानतळावरून निघण्याच्या ठरावीक मार्गाच्या, चार्टवर वेगळा आकडा नसेल तर किमान ३.३ टक्के, म्हणजे नॉटिकल मैलाला साधारण २०० फूट चढण गृहीत धरलेली असते. मोठ्या विमानतळाभोवती ती बरीच जास्त असू शकते. कधी डोंगर-टॉवरमुळे, कधी फक्त वाहतूक वेगळी ठेवण्यासाठी.

विमानाच्या पुस्तिकेत मात्र मिनिटाला किती फूट, असं लिहिलेलं असतं. म्हणून मैलामागचे फूट ग्राउंडस्पीडने (जमिनीच्या तुलनेतला वेग, नॉटमध्ये) गुणा आणि ६० ने भागा. ३५० फूट, ९० नॉट: मिनिटाला ५२५. मागून १५ नॉटचा वारा मिळाला की ग्राउंडस्पीड १०५ आणि गरज सुमारे ६१३. वर गेल्यावर वारा फिरतो, म्हणून जमिनीवरचा वारा धरून हिशोब करू नका.

आता उष्णता. १८०० फुटांवरच्या धावपट्टीवर ३३ अंश असतील, तर प्रमाण तापमानापेक्षा ते जवळपास २२ अंश जास्त. अंशामागे १२० फूट धरले की डेन्सिटी अल्टिट्यूड, म्हणजे हवेच्या विरळपणानुसार विमानाला जाणवणारी उंची, ४४०० च्या घरात जाते. चढणीची अट ४००० फुटांपर्यंत असेल तर तक्त्यातला दर तिथलाही वाचा. तो खालच्यापेक्षा कमीच निघतो. शिवाय तक्त्यातले आकडे नव्या विमानाचे असतात, थोडी सूट ठेवाच. बसत नसेल तर वजन कमी करा, गारव्याची वेळ धरा किंवा दुसरं डिपार्चर मागा. हे टॅक्सीआधीच सांगायचं, ढगात शिरल्यावर नाही.

क्लिअरन्ससाठी, म्हणजे नियंत्रकाच्या परवानगीसाठी, कागदावर पाच ओळी आखून ठेवा: मर्यादा (कुठपर्यंत परवानगी), मार्ग, उंची, फ्रिक्वेन्सी, स्क्वॉक (रडारवरच्या ओळखीचा कोड). मिळालेला मार्ग बहुधा मागितलेला नसतो, आणि जीपीएसमध्ये जुनाच राहून जातो. धावपट्टी बदलली तर एसआयडी पुन्हा भरा. पहिल्या तीन बिंदूंमधले अंतर आणि दिशा चार्टशी ताडून पाहा. सुरुवातीची उंची मोठ्याने म्हणा. वरून जेट जात असताना तीच ओलांडणं सगळ्यात महागात पडतं.

इंधन जास्त घ्या, वजनाचा हिशोब पुन्हा करा. छोट्या विमानाला इथे जमिनीवर थांबवतात, मग उडाल्यावरही बराच वेळ कमी उंचीवरच ठेवतात. अवजड जेटच्या मागे निघताना निदान २ मिनिटं सोडा, धावपट्टीच्या मधूनच निघत असाल तर ३.

आणि परतीचं ठरवून ठेवा: ढग उतरण्याच्या किमान मर्यादेखाली असतील, तर इंजिन खडखडल्यावर निघालेल्या धावपट्टीवर परतता येणार नाही. उतरता येईल असा जवळचा विमानतळ कोणता ते पाहा, तिथली अप्रोच प्लेट (उतरण्याच्या मार्गाचा चार्ट) वरच काढून ठेवा.