डावा हेडलाइट मिणमिणतो तेव्हा

माझ्या १९७२च्या एमजीबीचा, म्हणजे जुन्या ब्रिटिश स्पोर्ट्स कारचा, डावा हेडलाइट मिणमिणायला लागला. आधी चारही फ्यूज घासले, पण या गाडीत हेडलाइटला फ्यूजच नसतो! बल्ब बदलला, तरी तेच. मग लाइट चालू ठेवून व्होल्ट मोजायचा मल्टिमीटर लावला. लो बीमच्या निळ्या-लाल वायरवर १२ व्होल्ट नीट येत होते. पण बल्बची काळी अर्थिंगची वायर आणि बॅटरीचं निगेटिव्ह यांच्यात चक्क ३ व्होल्ट. तिथे जवळजवळ शून्य हवं, म्हणजे अर्थिंगच्या जोडातच गडबड. गाडीच्या पुढच्या जाळीमागचा तो जोड उपसला तर आत हिरवा गंज, बोट लावताच टोक निखळलं. वायर चकचकीत तांब्यापर्यंत सोलली, नवं पितळी टोक सोल्डर केलं, वर व्हॅसलीन चोपडलं. आता ०.१ व्होल्ट. भिंतीवर दोन्ही झोत सारखे पडलेले बघून काय बरं वाटलं! फ्यूज नसणं मात्र मला पटत नाही. रिले (विजेवर चालणारा स्विच) आणि दोन्ही बाजूंना वेगळे फ्यूज बसवतोय.