मृगापूर्वी काळ्या मातीची घरगुती परीक्षा

मे संपत आला. सांवेर-देपालपूरकडे गहू-हरभरा निघालेली शेते उघडी पडली आहेत आणि भेगांत हाताचा पंजा सहज जातो आहे. इकडे इंदूर शहरात, लोकमान्यनगर-सुदामानगरच्या गच्च्यांवर, कुंड्या रिकाम्या करून पुन्हा भरायचे काम सुरू आहे. मृग लागायला जेमतेम दोन आठवडे राहिले. मातीचे जे काही करायचे ते एवढ्यातच उरकायला हवे, कारण पाऊस एकदा बसला की काळ्या मातीला हात लावायची सोय नसते.

याच दिवसांत शेजारीपाजारी, नातेवाईक, रोपवाटिकेतले लोक सल्लेही भरपूर देतात. देणाऱ्याचा हेतू चांगलाच असतो. अडचण एवढीच की त्यातले बरेच सल्ले दुसऱ्या गावच्या मातीत तयार झालेले असतात. माळव्याची माती बेसाल्ट खडक झिजून झालेली आहे. तिच्यात चिकणकणांचे प्रमाण बहुतेक ठिकाणी 40 ते 60 टक्के आणि सामू (pH, म्हणजे आम्ल-अल्काचे माप) साधारण 7.5 ते 8.5. ती पाण्याने फुगते, उन्हाने आक्रसते आणि तिच्यात चुना मुळातच भरपूर असतो. कोकणातल्या मावशीच्या बागेत जे चालते ते इथे चालेलच असे नाही, म्हणून आधी घरीच करून पाहावे.

सगळ्यात महाग पडणारा समज आधी घेतो: काळी माती जड आहे, वाळू घाला म्हणजे भुसभुशीत होईल. मी स्वतः वांग्याच्या वाफ्यात दहा-बारा घमेली नर्मदेची वाळू मिसळली होती. पावसाळाभर वाफा चिखल राहिला आणि दिवाळीनंतर खुरपे आत जाईना. कारण समजून घेण्यासारखे आहे. चिकणकण वाळूच्या कणांपेक्षा शेकडो पटींनी बारीक असतात. वाळू थोडी असेल तर तिचे कण एकमेकांना टेकत नाहीत, चिकणमातीत रुतून बसतात आणि मधल्या फटी चिकणमातीच भरून काढते. हवा-पाण्याच्या वाटा वाढत नाहीत, उलट कमी होतात. कणाला कण टेकून मोकळ्या जागा राहायच्या तर निम्म्याहून अधिक वाळूच हवी. दहा फूट बाय दहा फुटांचा वाफा, अर्धा फूट खोल धरला तर माती झाली 50 घनफूट. तिच्या नुसत्या बरोबरीने 50 घनफूट वाळू घालायची म्हटली तरी सव्वादोन टनांच्या आसपास वजन. एवढे केल्यावर उरते ती काळी माती नव्हे, तिची सगळी ताकद अर्ध्यावर आलेली असते.

पटत नसेल तर दोन पणत्या घ्या. एकीत नुसती काळी माती, दुसरीत चार भाग माती आणि एक भाग वाळू. दोन्ही भिजवून, दाबून, चार दिवस कडक उन्हात ठेवा आणि बोटाने फोडून पाहा. तिसऱ्या पणतीत वाळूच्या जागी चांगले कुजलेले कंपोस्ट घाला. फरक सांगावा लागणार नाही.

कंपोस्ट हे काम का करते? कुजताना जिवाणू डिंकासारखे पदार्थ सोडतात, बुरशीचे तंतू चिकणकणांना गुंफतात आणि त्यांचे लहान लहान रवे बनतात. रव्यांच्या मधून पाणी वाहते, रव्यांच्या आत ते साठून राहते. याच इंदुरात 1924 साली ब्रिटिश कृषिशास्त्रज्ञ अल्बर्ट हॉवर्ड यांनी वनस्पतिसंशोधनाची संस्था उभी केली आणि काडीकचरा, शेण, गोठ्यातली मूत्राने भिजलेली माती व थोडी राख थरांनी रचून, वेळोवेळी उलथून, तीनेक महिन्यांत खत करण्याची पद्धत बसवली. जगभर ती ‘इंदूर पद्धत’ म्हणूनच ओळखली जाते. 1931 साली या कामावर निघालेल्या पुस्तकावर हॉवर्ड यांच्या जोडीला संस्थेतले रसायनतज्ज्ञ यशवंत वाड यांचे नाव आहे, हे आपल्या मराठी घरांत सांगायला हवे. ज्या पद्धतीला आपल्या गावाचे नाव आहे ती सोडून आपण वाळूची गोणी विकत आणतो, याचे मला खरोखर वाईट वाटते.

वाफ्यावर दोन इंच कंपोस्ट पसरून वरच्या अर्ध्या फुटात मिसळा. इथल्या उन्हात सेंद्रिय द्रव्य लवकर जळते, त्यामुळे हे दरवर्षी करावे लागते.

कुंडीच्या तळाशी खडी घातली की निचरा सुधारतो, असे जवळजवळ प्रत्येकजण सांगतो. भांडी घासायचा जाड स्पंज पाण्यात बुडवून आडवा धरा. ठिबकायचे थांबले की तो उभा करा. पुन्हा पाणी गळू लागेल. मातीचा थर जितका उंच तितके पाणी खाली ओढले जाते, आणि तळाशी उरणारा ओला पट्टा ठरावीक जाडीचाच असतो. बारीक मातीतले पाणी खालच्या मोठ्या पोकळ्यांत सहज उतरत नाही. वरची माती पुरती चिंब झाल्यावरच ते सुटते. म्हणजे खडीने ओला पट्टा जात नाही, तो वर सरकून मुळांशी येतो. भोकावर एक खापरी किंवा जाळीचा तुकडा पुरे. बाकी कुंडी मातीनेच भरा.

आता खडे मीठ. नारळाच्या बुंध्याशी मीठ घालायची चाल कोकणातून आली. नारळाला मिठातला क्लोराइड हवा असतो, हे खरेच आहे. पण तिथल्या वाळूसर जमिनीतून सोडियम मुसळधार पावसात धुऊन जातो. आपल्या चिकणमातीत तो कणांना चिकटून राहतो, रवे फोडतो आणि जमीन चोपण, म्हणजे ओली असताना चिकट आणि वाळली की टणक, होते. हे डोळ्यांनी पाहता येते. मातीचे वाळलेले, बोराएवढे ढेकूळ आरओच्या पाण्याने भरलेल्या काचेच्या पेल्यात अलगद सोडा, हलवू नका आणि दुसऱ्या दिवशी बघा. ढेकूळ ढासळले पण पाणी स्वच्छ आहे, तर सेंद्रिय द्रव्य कमी पडते आहे. ढेकळाभोवती दुधासारखे गढूळ वलय राहिले, तर सोडियमचा संशय घ्यावा आणि नमुना प्रयोगशाळेत पाठवावा. जिप्समने (कॅल्शियम आणि गंधक असलेल्या खनिजाने) माती मोकळी होते हा सल्ला या दुसऱ्या प्रकारच्या जमिनीपुरताच खरा आहे, आणि तोही अहवाल बघून. बाकी काळ्या जमिनीत कॅल्शियम आधीच मुबलक असतो. सोयाबीनला गंधक मिळावे म्हणून जिप्सम देतात, ती गोष्ट वेगळी.

कॅल्शियमसाठी अंड्यांची टरफले घाला आणि लोहासाठी गंजके खिळे पुरा, या दोन सल्ल्यांत चूक एकच आहे. टरफले आणि खिळे दोन्हींना विरघळायला आम्ल लागते आणि आपली माती अल्कधर्मी. कोरड्या मातीवर व्हिनेगर टाका. फसफसली तर चुना मोकळा आहे असे समजा. अशा मातीत टरफले वर्षानुवर्षे तशीच राहतात. टोमॅटोचे बूड काळे पडते ते बहुधा पाणी कधी जास्त कधी कमी झाल्याने, कारण कॅल्शियम पाण्याबरोबरच फळापर्यंत पोहोचतो. तेव्हा पाण्याच्या पाळ्या सारख्या ठेवा आणि आच्छादन करा. लिंबू, गुलाब, मोगऱ्याची कोवळी पाने पिवळी आणि शिरा हिरव्या दिसल्या तर लोह कमी पडते आहे. खिळे पुरून ते मिळत नाही. 1 लिटर पाण्यात 5 ग्रॅम फेरस सल्फेट आणि 1 ग्रॅम सायट्रिक ॲसिड विरघळवून संध्याकाळी फवारा, पहिल्या दिवशी दोन-चार पानांवरच. राख बुंध्याशी टाकू नका, सामू आणखी चढतो. चहाचा चोथा मात्र धुऊन कंपोस्टात खुशाल घाला.

शेतकरी बंधूंसाठी या आठवड्याचे पहिले काम मातीच्या नमुन्याचे. शेत रिकामे आहे तोवर नागमोडी चालत 10 ते 15 ठिकाणी इंग्रजी व्ही आकाराचा 15 सेंटिमीटर खोल खड्डा घ्या आणि त्याच्या कडेची चकती काढा. बांध, झाडाखालची जागा, उकिरडा टाळा. सगळी माती मिसळून चार भाग करा, समोरासमोरचे दोन टाका, आणि असे करत अर्धा किलो उरवून सावलीत वाळवा. मृदा आरोग्य पत्रिकेत, म्हणजे माती तपासणीच्या सरकारी अहवालात, 12 घटक येतात. त्यातला सेंद्रिय कर्ब आणि जस्ताचा आकडा आधी वाचा.

राहिला ‘मृग बरसला की पेरा’ हा समज. पहिला पाऊस भेगांत उतरतो; वर ओल दिसते आणि वीतभर खाली ढेकूळ कोरडेच असते. बी उगवते आणि उघडीप पडली की करपते. म्हणून सोयाबीनसाठी इथले शास्त्रज्ञ किमान 100 मिलिमीटर पाऊस झाल्यावरच पेरा म्हणतात. त्यानंतरही वाफसा, म्हणजे ना चिखल ना कोरडी अशी कामाजोगी ओल, बघा. चार बोटे खालची माती मुठीत दाबून गोळा करा आणि कमरेच्या उंचीवरून सोडा. फुटून विखुरला तर औत घाला, चपटा होऊन बसला तर ट्रॅक्टर बांधावरच राहू द्या, नाहीतर चाकाखाली दबलेला थर हंगामभर मुळांना आडवा येतो.

पाऊस मोजायला सरळ बाजूंचा, सपाट बुडाचा पत्र्याचा डबा पुरतो. रोज सकाळी एकाच वेळी पट्टी बुडवून पाणी मोजा, वहीत लिहा आणि डबा रिता करा. बेरीज 10 सेंटिमीटर झाली की 100 मिलिमीटर भरले. डबा आजच मोकळ्यावर ठेवा. झाडाखाली नको आणि पागोळ्या पडतील तिथेही नको.